ठिणगी पडते, पण कधी?

सूतगिरणीतली पाळी सुटली की मी नाक्यावरच्या गॅरेजात हात मारायला जातो. परवा एक जुनी पद्मिनी ढकलत आणली. दुसरीकडं इंजिन पुरतं उतरवून रिंगा, बेअरिंगं नवी घातलेली. पण सुरू होईना. नुसती फटफट, आणि कार्बोरेटरमधनं भडका. मालकानं मला आडनाव विचारलं. मग वस्तादला म्हणाला, "ह्याला हात लावू देऊ नका. नव्या कामाची वाट लावील."

वस्ताद मला म्हणाला, "तू बघ."

क्रमानं बघितलं. पेट्रोल येतंय. ठिणगी पडतेय. कंप्रेशन आहे. मग अडलं कुठं? पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरला, हँडल फिरवायला लावलं. दाबानं अंगठा उडाला, पिस्टन वर आला. आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर बघतोय चौथ्या सिलिंडरकडं! क्रँकच्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो, ठिणगी एकदाच कामाची. बसवणारा अर्धी फेरी चुकला होता. टोपीवरच्या चारी वायरी अर्धी फेरी सरकवल्या, 1-3-4-2 क्रम राखून. गाडी लागली.

मालकानं पैसे दिले. शब्द मागं घेतला नाही.

दोस्तहो, मुंबईच्या गिरण्यांत तुटला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून साचेखात्यात आपल्याला मज्जाव होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी त्यावर बोट ठेवलं. सूत आपलं चालायचं, थुंकी नाही. आज इंजिन चालतं, हात नाही. दोष केव्हाच सापडलाय. उतरवायचं काम आपलं.