दुपारी चारची वस्ती

नव्या गावात घर बघायला माणसं रविवारी जातात. सुट्टी असते, रस्ते मोकळे असतात, दाखवणाऱ्यालाही सवड असते. रविवारी सकाळी कुठलंही उपनगर छान दिसतं. मला ते दुपारी चारला बघावंसं वाटतं, तेही मधल्या वारी. कमावती माणसं तेव्हा कामावर असतात. शाळा सुटत असते, आजीआजोबा झोपून उठलेले असतात, घरातलं आवरून बाई पायात चपला घालत असते. ही माणसं घराबाहेर पडून कुठं जातात, आणि कशी, हे दिसलं की वस्ती कळते.

घर कुठं घ्यायचं हे बहुतेक घरांत सकाळी आठला बाहेर पडणारा माणूस ठरवतो. त्याचं ऑफिस, त्याची गाडी, त्याचा वेळ. दिवसभर त्या वस्तीत राहतात ते मागं उरलेले. आमच्या घरात तीन पिढ्यांनी तीन निराळ्या मुलखांत घरं शोधली, आणि दरवेळी हाच पेच पुढं आला.

माझे वडील राजापूरकडचे. नोकरी फोर्टमध्ये, बिऱ्हाड गिरगावात चुलत्यांच्या खोलीत. आम्ही बहिणी झालो तशी ती खोली पुरेना, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ओनरशिपचा ब्लॉक शोधायला घेतला. ठाणं परवडत नव्हतं, अंबरनाथ लांब वाटत होतं, मधे डोंबिवली होती. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली रेल्वे पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली होती. शंभरावर वर्षं उलटली तरी चाकरमान्याचं घर त्या रुळांच्या हिशेबानंच ठरत होतं. वडिलांच्या वहीत पासाचे पैसे, सकाळच्या गाड्यांच्या वेळा आणि स्टेशनपासूनची मिनिटं लिहिलेली होती.

पसंतीला दोन ब्लॉक होते. एक मोठा, वस्तीच्या टोकाला, समोर भातशेती. दुसरा पूर्वेला फडके रोडच्या मागच्या गल्लीत, एका खोलीनं लहान. आई बघायला गेली तेव्हा मी तिच्या बरोबर होते. मोठ्या ब्लॉकमध्ये तिनं खोल्यांवरून नुसती नजर फिरवली, खाली उतरली आणि बिल्डरच्या माणसाला विचारलं, “गिरणी कुठं आहे इथं?” तो म्हणाला, होईल की आता. दवाखाना? तोही होईल. शाळा? रिक्षा लावता येईल. वडील गच्चीवरच्या वाऱ्याचं कौतुक करत होते. आई त्यांना एवढंच म्हणाली, “तुम्ही गाडीला जाल हो. मी एकटी चालत कुठं जाऊ शकेन, ते सांगा.”

आम्ही लहान ब्लॉक घेतला. पाणी ठरावीक वेळी यायचं, पावसाळ्यात गल्लीत चिखल व्हायचा, वीज जायची. पण गिरणी, वाणी, शाळा, डॉक्टर, १९२४ सालापासूनचं गणेश मंदिर, वाचनालय हे सगळं पायांच्या टप्प्यात होतं. आईनं त्या टप्प्यात स्वतःचं एक आयुष्य उभं केलं. दुपारचा शिवणाचा क्लास, संध्याकाळचं भजनी मंडळ, भिशी, वाचनालयात पुस्तक बदलायला जाताना वाटेत होणाऱ्या गप्पा. वडिलांना डोंबिवली माहीत होती ती दिवे लागलेली, पहाटेची आणि रात्रीची. ते निवृत्त झाल्यावर सकाळी दहाला गल्लीतून फिरायला निघाले, तेव्हा भाजीवाला त्यांना “वहिनींचे मिस्टर” म्हणून ओळखू लागला. आईनं त्यांना गाव दाखवलं.

१९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकारानं पहिल्यांदा निघाली आणि मग ती प्रथा किती तरी शहरांनी उचलली. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं, बोललं जातं. मला त्यात आईसारख्या बायकांचा वाटा दिसतो. वर्षानुवर्षं रस्त्यावर भेटून एकमेकींना ओळखणाऱ्या माणसांना रस्त्यावर बोलावणं सोपं जातं.

नव्वदीच्या मध्याला माझ्या नवऱ्याची बदली बंगळूरला झाली. ऑफिस इलेक्ट्रॉनिक्स सिटीत, होसूर रोडला. त्याचे सहकारी त्या बाजूच्या नव्या लेआउटांत घरं घेत होते, आणि ते सरळच होतं. मी मात्र बसवनगुडीवर अडून बसले. तिथून त्याला दोन्ही वेळचा प्रवास पडणार होता, तेव्हा ते अडणं त्याच्यावर भार टाकणारं होतं हे मला ठाऊक होतं. पण मुलगी लहान होती, मला कन्नडचा शब्द येत नव्हता, आणि त्या नव्या लेआउटांत दुपारी रस्त्यावर बांधकामाच्या मजुरांखेरीज कुणी दिसत नव्हतं.

बसवनगुडी कशी वसली ते मला पुढं कळलं, आणि त्या गोष्टीनं मुंबई-बंगळूर माझ्या मनात जोडली गेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या अंधाऱ्या चाळींत माणसं मेली. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याच्या आखणीतून पुढं दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांच्या, झाडांच्या वसाहती झाल्या. तोच प्लेग रेल्वेच्या वाटेनं १८९८ मध्ये बंगळूरला पोचला, आणि तिथं जुन्या पेठेबाहेर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वसवल्या गेल्या. सरळ रस्ते, घरांत उजेड, घरांच्या मागून सफाईसाठी अरुंद गल्ल्या. आपल्याकडच्या पहिल्या आखीव उपनगरांपैकी कितीतरी मरणाच्या भीतीतून जन्मली. गाडी दारात आली नव्हती तेव्हाची ती आखणी, म्हणून बाजार, देऊळ, बाग आणि शाळा माणसाच्या पायांना झेपतील अशा ठेवलेल्या.

मी गांधी बाजारात कन्नड शिकले. “एष्टु?” एवढ्या एका प्रश्नावर पहिले दिवस निघाले. मग पालेभाज्यांची नावं आली, मग आकडे. फुलवाली कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ मोजून द्यायची, त्या मापाला मोळ म्हणतात, आणि माझ्या मुलीसाठी नेहमी चार फुलं जास्त सोडायची. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी मोठ्या नंदीच्या देवळाभोवती शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिशे. रस्त्याच्या दोन्ही कडांना भुईमुगाचे ढीग लागतात. आम्ही पिशव्या घेऊन चालत जायचो, आणि आमच्या कार्तिकी सोमवाराला परमुलखात अशी सोबत मिळाली याचा मला दरवर्षी आनंद व्हायचा. नवऱ्याच्या सहकाऱ्यांच्या बायका फोनवर सांगायच्या, बोअरचं पाणी खाली गेलं, टँकर आला नाही. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून शहरात आणतात. नव्या वस्त्यांपर्यंत त्याची नळवाहिनी पोचायला वर्षं लागली. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या कडेच्या वस्त्यांमधून टँकरच्या रांगांच्या बातम्या आल्या, तेव्हा मला ते फोन आठवले.

पण बसवनगुडीची एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय त्या जागेचं कौतुक करणं मला पटत नाही. घर भाड्यानं बघताना दहा महिन्यांच्या अॅडव्हान्सची बोलणी व्हायच्या आधी आडनाव विचारलं जाई, मग जात, मग जेवण. आम्ही मासे खाणारे. एका दारातून आम्ही परत आलो, दुसऱ्यातूनही. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेनं काहीही न विचारता किल्ली हातात दिली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मुसलमान सहकाऱ्याला मात्र त्या भागात घर मिळालंच नाही. प्रत्येक ठिकाणी जागा कालच गेलेली असायची. ती वसाहत वसली तेव्हाही प्लॉट जातीजातींनुसार वाटले गेले होते. चालण्याजोगे रस्ते आखणाऱ्यांनी त्यावर कुणी चालायचं हेही आखून ठेवलं होतं. वस्ती निवडणं म्हणतो आपण, पण निवडीचा हक्क प्रत्येकाला सारखा कधीच नव्हता. अमेरिकेतही नव्हता. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभं राहिलेलं लेव्हिटटाउन तिकडच्या उपनगरांचा नमुना मानलं जातं. तिथल्या सुरुवातीच्या करारांतच काळ्या माणसांना राहायला मनाई लिहिलेली होती.

अमेरिका आमच्या घरात आली ती मुलीमुळं. लग्नानंतर ती न्यू जर्सीला गेली. बाळंतपणासाठी मी गेले तेव्हा त्यांचं बिऱ्हाड एका महामार्गालगतच्या अपार्टमेंटमध्ये होतं. घर उबदार, स्वच्छ, सगळ्या सोयींचं. खिडकीतून पलीकडचं किराणा दुकान दिसायचं, त्याची पाटी वाचता यायची. पण मधे सहा पदरी रस्ता, आणि तो ओलांडायला ना सिग्नल, ना फुटपाथ. समोर दिसणाऱ्या दुकानात दूध आणायला मला जावयाची गाडी येईपर्यंत थांबावं लागायचं. मी गाडी चालवत नाही. मुलगी बाळंतीण, तीही घरात. दुपारी चारला मी बाळाला घेऊन पार्किंगच्या भोवती फेऱ्या घालायची, आणि त्या वेळात मला फक्त पार्सल पोचवणारा माणूस भेटायचा. माणसं वाईट नव्हती. भेटायला जागाच ठेवलेली नव्हती.

त्याच देशात याचा नीट विचार झालेला आहे, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. १९२९ मध्ये क्लॅरन्स पेरी या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यात शेजाराची एक कल्पना मांडली: मधोमध प्राथमिक शाळा, मुलाला मोठा रस्ता न ओलांडता चालत पोचता येईल एवढीच वस्ती, कडेला दुकानं. त्याच सुमाराला न्यू जर्सीतच रॅडबर्न वसलं, जिथं पायवाटा मोटारीच्या रस्त्यांपासून वेगळ्या काढल्या. म्हणजे ठाऊक होतं. मग मोटार घरोघर आली, महामार्ग आले, आणि ती समज बाजूला पडली.

मुलगी-जावई घर विकत घ्यायला निघाले तेव्हा जावयाच्या मनात एक नवीन वसाहत भरली होती. तळघर, दोन गाड्यांचं गॅरेज, मागं हिरवळ, आणि शाळेचं मानांकन उत्तम. तिकडे शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो, आणि न्यू जर्सीची घरपट्टी त्या देशातल्या सगळ्यांत चढ्यांपैकी, म्हणून घराचा विचार तिथं शाळेपासून सुरू होतो. दुसरं घर मेटाचनला होतं. चारी बाजूंनी एडिसननं वेढलेलं हे लहानसं गाव. मेन स्ट्रीट, जुनी लाकडी घरं, न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीचं स्टेशन, ग्रंथालय. घर जुनं, जिना करकरणारा, तळघर ओलसर. एडिसन-आयसेलिनचा ओक ट्री रोड, जिथं कढीपत्त्यापासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं, तो गाडीनं जवळच.

मी मुलीला काही सांगितलं नाही. तिला म्हटलं, बाळाची गाडी घेऊ आणि दोन्ही ठिकाणी दुपारी जाऊन चालू. नव्या वसाहतीत फुटपाथ वसाहतीच्या दारापर्यंत होता, मग संपला. पुढं महामार्ग. मेटाचनला आम्ही स्टेशनापासून ग्रंथालयापर्यंत गेलो. शाळेतून सुटलेली मुलं पाठीला दप्तरं लावून एकटी घरी चालली होती. एका बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं बाळाचं नाव विचारलं. जावई संध्याकाळी आला तेव्हा मुलीनं त्याला सरळ विचारलं, “तू ऑफिसला गेल्यावर मी कुठं जायचं?” तिनं हा प्रश्न तिच्या आजीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी मेटाचनचं घर घेतलं आणि पहिल्याच हिवाळ्यात तळघर कोरडं करण्यावर बराच पैसा घातला. त्यावरून त्यांची वादावादी झाली, तीही खरी.

मग २०२० आलं. ऑफिसं बंद झाली आणि सकाळी आठला बाहेर पडणारी माणसं जगभर घरात बसली. जावई कित्येक महिने घरून काम करत होता. दुपारी चारला तो मुलाला घेऊन मेन स्ट्रीटवर फेरी मारायला जाऊ लागला. सुताराशी, औषधाच्या दुकानातल्या बाईंशी त्याची ओळख तेव्हा झाली. आता त्याचं ऑफिस आठवड्यातून थोडेच दिवस बोलावतं, आणि आमच्या घरातल्या कमावत्या पुरुषांपैकी आपली वस्ती दिवसाउजेडी ओळखणारा, निवृत्त होण्याआधी ओळखणारा, तो पहिला.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली आहे, नागपूर सोडून पुण्याला यायचं आहे, सासूबाई बरोबर आहेत, मुलगा सहा वर्षांचा आहे. मारुंजीला विसाव्या मजल्यावर मोठा फ्लॅट पाहिलाय, खाली पोहण्याचा तलाव आहे. बाणेरला जुन्या सोसायटीत त्याच भाड्यात एक खोली कमी मिळते. “मावशी, काय करू?”

मी तिला फ्लॅटबद्दल काही सांगितलं नाही. म्हटलं, मंगळवारी किंवा बुधवारी जा, दुपारी चारला, बिल्डरची गाडी नको म्हणून सांग. गेटातून बाहेर पडून दूध, क्रोसिनची गोळी आणि वही-पेन्सिल आणून बघ. रस्ता ओलांडताना मुलाचा हात किती घट्ट धरावा लागतो बघ. सावलीत बसायला कट्टा आहे का, आणि असला तर त्यावर कोण बसलंय. पाणी महापालिकेचं की टँकरचं, हे वॉचमनला विचार, तो खरं सांगेल. आणि सासूबाईंना बरोबर ने. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा वेळ जास्त धर, आणि चालायचं त्यांच्या चालीनं.

ती पुढच्या बुधवारी जाते आहे.