केडगावला एक रविवार

केडगाव म्हटलं की आमच्या घरात दोनच गोष्टी निघत. सासूबाई म्हणायच्या, "नारायण महाराजांचं बेट," आणि सासरे म्हणायचे, "गूळ!" तिसरी गोष्ट म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तिचं नाव कुणी काढत नसे. माझ्या माहेरी तर रमाबाईंचा विषय आला की आजी "हुशार होती हो बाई, पण..." एवढंच म्हणून पुन्हा वाटाणे सोलायला लागायची. त्या 'पण'च्या पुढे वाक्य कधी गेलंच नाही.

शेजारच्या मावशींनी "येतेस का केडगावला?" असं विचारलं, तेव्हा मी चटकन हो म्हटलं ते काही इतिहासाच्या ओढीनं नव्हे. खरं सांगायचं तर मला घरातून बाहेर पडायचं होतं. 'ह्यां'ची नोकरी जाऊन सात महिने झाले होते. कंपनी बंद पडली, हिशेब अर्धाच मिळाला. शाळेतल्या माझ्या अर्धवेळच्या पगारात दूध, वीज आणि मुलाची फी एवढंच कसंबसं भागतं. ज्या दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या, तिथून "कळवतो" एवढंच उत्तर. फोन वाजला की घरातली सगळी माणसं एकदम गप्प होतात. ह्या शांततेचा मला कंटाळा आला होता.

मावशी ख्रिस्ती. वय पंचाहत्तर, पण पिशवी स्वतःच उचलणार. त्यांच्या आजीचं लहानपण मुक्तीत गेलेलं, म्हणून वर्षातून एकदा तरी त्या तिथल्या रविवारच्या उपासनेला जातात.

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी पकडली. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी. यवत मागे पडलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि खिडकी उघडी असेल तर गुऱ्हाळाचा गोडसर, करपट वास थेट डब्यात येतो. मी दशम्या आणि लसणाची चटणी आणली होती, मावशींनी उकडलेली अंडी. खुटबाव येईपर्यंत दोघींचे डबे रिकामे!

आज हा भाग हिरवागार दिसतो. पण रमाबाईंनी इथे शंभरेक एकर जमीन घेतली, तेव्हा तो उघडा माळ होता. त्यामागचा हिशेब मला फार आवडला. अमेरिकेतल्या मंडळानं त्यांच्या शारदा सदनाला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. दहा वर्षांनंतर काय, म्हणून बाईंनी फळझाडं लावायला घेतली. 'देव देईल' म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

झाडं वाढायच्या आतच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं मरत होती, आणि अनाथ मुली नको त्यांच्या हाती लागत होत्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. का गेल्या, ते त्यांचं चरित्र वाचलं की कळतं. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, मग आई, मग थोरली बहीण, एकेक करून गेली होती. ह्या मुलगी नि तिचा भाऊ देशभर पायी हिंडत, पुराणं सांगत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं खरं, पण १८८० साली भाऊ गेला, आणि १८८२ साली पटकीनं नवरा. मांडीवर लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आजीचा 'पण' इथला!

तर मुली आणल्या, त्या तीनेकशे. आणि त्याच सुमाराला पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवायची सोय नाही, हाताशी पुरेसा पैसा नाही. तेव्हा ह्या माळावर त्यांना आणलं. आपण २०२० साली चार भिंतींत बसून डाळ-तांदूळ मोजत होतो, ते मला आठवलं. आपल्याला निदान घर होतं. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार ताटं! माझ्या घरी चार पाहुणे आले तर मी गॅसचं सिलिंडर हलवून बघते.

उपासना मराठीतच होती. नारायण वामन टिळकांची पदं गातात, त्यामुळे आपल्याला परकं वाटत नाही. चाल तर थेट भजनाची. मी मागे बसले होते. डोळे मिटून पुटपुटणाऱ्या बायांकडे बघून एकदा मनात आलंच, की मीही इतके दिवस देवापुढे दिवा लावून तेच पुटपुटते आहे, मग मला हा निवांतपणा का नाही?

बाहेर आल्यावर कडुनिंबाखाली बसलो, तेव्हा मावशींना तसं विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "निवांतपणा? अगं, माझी आजी पंच्याऐंशी वर्षांची होऊन गेली, तोवर रोज रात्री उशाखाली भाकरी ठेवून झोपायची!"

आजी १९०० साली आलेल्यांपैकी. वय असेल पाचेक वर्षांचं. गाव कुठलं, आईबाप कोण, काही आठवत नव्हतं. नावसुद्धा इथेच मिळालं. आठवत होती ती फक्त भूक. इथे वाढली, लिहायला-वाचायला शिकली, विणकाम शिकली. रमाबाईंनी मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, मागावरचं काम, तेलाचा घाणा, शिवणकाम, सगळं शिकवलं. छापखाना होता, त्यातही मुलीच काम करत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना समजेल असं बायबल मराठीत आणलं, ते ह्याच छापखान्यात छापलं गेलं. त्या कामाच्या शेवटी शेवटी, १९२१ साली त्यांची एकुलती एक मनोरमा वारली. बाईंनी भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या.

"मग आजींची भीती गेली नाहीच म्हणायची," मी म्हटलं. माझ्या आवाजात जरा कुसकेपणा असावा. "इतकी प्रार्थना करून काय उपयोग?"

मावशी रागावल्या नाहीत. शेंगदाण्याचं साल फुंकत म्हणाल्या, "भीती कशी जाईल? पोटाची भूक पोटालाच ठाऊक. पण एक सांगते. रात्री-अपरात्री कुणी दाराशी आलं, की ती तीच भाकरी उशाखालून काढून द्यायची. दिली की परत झोपायची. गाढ! म्हणायची, 'मला आणलं त्यांच्याकडे तरी उद्याचं पीठ कुठं होतं?'"

ह्यावर मला बोलायला काही सुचलं नाही. धर्म बदलण्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते आहे, ते एका रविवारात जाणार नाही. १८९३ साली ह्याच कारणावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, लोकांनी मुली काढून नेल्या, तेही मी वाचलेलं आहे. पण त्याच शारदा सदनातल्या एका विधवेशी, गोदूबाईंशी, अण्णासाहेब कर्व्यांनी त्याच वर्षी पुनर्विवाह केला, हेही वाचलेलं आहे. आणि आज कडुनिंबाखाली बसून ऐकलेली भाकरी कुठल्या रकान्यात लिहायची, ते मला ठरवता येईना.

परतताना स्टेशनजवळ एक किलो गूळ घेतला. (रंगाला भुलू नका. पिवळाधमक असेल तर सोडून द्या, काळपट आणि चावला की खारट न लागणारा घ्या.) गाडीत मावशी खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी यवतपासून पुण्यापर्यंत जागीच.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आमच्या तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत मी पैसे ठेवले होते. 'ह्यां'नासुद्धा पत्ता नव्हता. आणि दोन महिन्यांपूर्वी ज्या बाईंना मी काम बंद करायला सांगितलं, त्या आदल्याच आठवड्यात मुलीच्या फीसाठी पंधराशे रुपये उसने मागायला आल्या होत्या. मी म्हटलं होतं, "आमचंच बघताय ना!"

रात्री सगळे निजल्यावर डबा ओट्यावर उपडा केला. सात हजार तीनशे निघाले. आवाजानं 'हे' उठून आले. डाळीचा ढीग आणि नोटा बघून दारातच उभे राहिले.

"हे कुठून आलं?"

"डाळीतून," मी म्हटलं. "पंधराशे वेगळे काढून ठेवा. सकाळी बाईंकडे जायचंय."

ते खाली बसले आणि सांडलेली डाळ वेचायला लागले.