खलनायकाचे सुतक

धाराशिव,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ताईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र भाद्रपदातच मिळाले होते. परंतु त्यानंतर लगेच परांडा आणि भूम तालुक्यांवर पावसाने जो कहर केला, सीनेच्या पुरात उभी पिके आणि दावणीची जनावरे ज्या रीतीने गेली, आणि तलाठ्यांचे पंचनामे, नातलगांची विचारपूस यांत जे दिवस निघून गेले, त्यामुळे उत्तरास विलंब झाला.

तू लिहितेस की, ३१ ऑगस्टला अभिनेत्री प्रिया मराठे अवघ्या अडतिसाव्या वर्षी कर्करोगाने गेल्याची बातमी ऐकून तुझी आई दिवसभर जेवली नाही. आणि तुला नवल याचे वाटले की, 'तुझेच मी गीत गात आहे' या मालिकेतील तिच्या मोनिकेला जी रोज संध्याकाळी तोंडभर शिव्या देत असे, तिनेच त्या मुलीसाठी डोळ्यांतून पाणी काढावे. हे वेड आहे काय, असे तू विचारतेस. वेड मुळीच नव्हे. ते तुझ्या आजीकडून आलेले आहे.

तुझी आजी आम्हां भावंडांना घेऊन नळदुर्गच्या खंडोबाच्या पौषी यात्रेस जात असे. देवदर्शन उरकले, रेवड्या घेतल्या, की पावले आपोआप तंबूतल्या सिनेमाकडे वळत. कनातीच्या आत तरटावर एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. रिळांचे पत्र्याचे डबे एस. टी.च्या टपावरून आलेले. आणि रीळ बदलताना अंधारात पोरांच्या शिट्ट्या. तेथेच मी १९६८ चा 'एक गाव बारा भानगडी' पाहिला. शंकर पाटलांची कथा, अनंत माने यांचे दिग्दर्शन, आणि निळू फुले यांचे पडद्यावरचे पहिले पाऊल. पुढे वर्षानुवर्षे, कधी पाटील, कधी सरपंच, कधी सावकार होऊन ते त्या पांढऱ्या कापडावर आले की बायकांच्या बाजूने बोटे कडाकड मोडली जात, आणि त्यांत तुझ्या आजीचा "मुडदा बशिवला तुझा!" हा स्वर सर्वांहून वरचा असे.

आज विचार करतो तेव्हा ध्यानात येते की, या माणसाने आवाज चढवून भीती क्वचितच घातली. मान किंचित कलती करून, पापण्या अर्ध्या मिटून, घशातल्या त्या खरबरीत स्वरात तो असे काही हळू बोले की ऐकणाऱ्या बाईला आपल्याच गावच्या एखाद्या वाड्याचे दार आठवावे. निजामाच्या अमदानीतली देशमुखी, वतने आणि त्यांच्या बळावर चाललेली जबरदस्ती ज्यांच्या सासवांनी सोसली होती, त्या बायकांना या अभिनयाचा दाखला दुसऱ्या कोणाकडून घ्यावा लागला नाही. कचेरीत ज्याच्याविरुद्ध फिर्याद देण्याची छाती नव्हती, त्याला तंबूच्या अंधारात मोठ्याने शिव्या देता येत होत्या, आणि ही सोय निळूभाऊंनी स्वतःचा चेहरा पुढे करून त्यांना करून दिली होती. हे ऋण फार मोठे आहे.

आणि तो माणूस कोण होता? पुण्यातील सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नावारूपास आलेला. सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनाची तजवीज व्हावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू आणि इतर नटांबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करीत जो गावोगाव फिरला, तोच पडद्यावर गरिबाची जमीन गिळत होता. जब्बार पटेलांच्या 'सामना'तील हिंदुराव धोंडे पाटील पाहा. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या या चित्रपटात, नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी मास्तर सोडीत नाही तसतसा हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचा सत्तेचा तजेला उतरत जातो. आणि लागूंच्या त्या मास्तराइतकीच आपल्याला हिंदुरावाचीही कीव येऊ लागते. चार वर्षांनी 'सिंहासन'मध्ये हाच नट दिगू टिपणीस हा पत्रकार झाला. सत्तेच्या वाड्यात बसणारा आता त्या वाड्याचा साक्षीदार होता, आणि जे पाहिले ते न सोसून अखेरीस वेड्यासारखा हसत सुटणारा.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, तेव्हाही आपल्या घरात हळहळ झाली. परंतु ज्याने हसवले त्याच्यासाठी रडणे सोपे असते. १३ जुलै २००९ ला निळूभाऊंची बातमी आली तेव्हा तुझी आजी सोप्यात बियाणे निवडीत बसली होती. हातातले सूप तिने बाजूला ठेवले, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "लई चांगला मानूस हुता म्हनं. माझ्या लई शिव्या खाल्ल्या त्यानं." त्या दिवशी तिने चूल उशिरा पेटवली. तुझ्या आईने हे सारे पाहिलेले आहे.

मला खंत निराळ्याच गोष्टीची वाटते. आजच्या पोरांना निळू फुले म्हणजे बाईला वाड्यावर बोलावणारे एक वाक्य, एवढेच ठाऊक आहे. गॅदरिंगला नक्कल करणारा ते म्हणतो, मोबाइलवर ते फिरते, आणि रस्त्याने जाणाऱ्या मुलीला उद्देशूनही ते उच्चारले जाते. ज्या लंपटपणाची घृणा यावी म्हणून त्या कलावंताने आयुष्यभर बायकांचे शाप अंगावर घेतले, त्याच लंपटपणाचे हत्यार त्याच्या नावाने चालवले जावे, यापरता त्याचा अवमान नाही. चौकातील श्रद्धांजलीचे फ्लेक्स आठ दिवसांत उतरतात, त्यांचे काही नाही. पण ही विटंबना टिकते.

म्हणून माझे एक मागणे आहे. पौष पौर्णिमा यंदा ३ जानेवारीस, शनिवारी येते. आईला आणि दोन्ही नातवंडांना घेऊन ये. यात्रा करू, आणि रात्री घरी बसून मुलांना 'सामना' आणि 'सिंहासन' आरंभापासून अखेरपर्यंत दाखवू. मध्येच उठू द्यायचे नाही. थोरला आता नववीत आहे, त्याला समजेल. येण्याचे नक्की होताच कळव, म्हणजे तशी व्यवस्था ठेवतो.

जावईबापूंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे.

तुझा,
मामा