डबल बेल

नाना गाडीत बसले की आधी सीट मागे घेतात, मग पुढे, मग पुन्हा मागे. पट्टा लावतात, काचेवरची नसलेली धूळ खिशातल्या फडक्याने पुसतात आणि बोटाच्या पेराने डॅशबोर्डवर दोनदा टकटक करतात. डबल बेल. म्हणजे सोडा गाडी.

नाना माझे सासरे. रोहा आगारातून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. ही घंटी त्यांनी जन्मभर ऐकली, दिली मात्र कधीच नाही, कारण ती द्यायची कंडक्टरने. नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला येऊन सुनेच्या शेजारच्या सीटवर बसायची वेळ आली, तेव्हा हातात स्टेअरिंग नाही म्हटल्यावर त्यांनी मुकाट्याने कंडक्टरकी पत्करली. पाय मात्र अजून ऐकत नाहीत. समोरच्या गाडीचा लाल दिवा लागला की त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर जोरात दाबला जातो.

व्हिसा नव्वद दिवसांचा. परतीचं तिकीट काढताना बाकी काही विचारायचंच नव्हतं, गणपतीला घरी पोचायचं एवढंच पाहायचं. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेले, म्हणून ऑगस्टअखेरचा एक शनिवार-रविवार हाती लागला. एरवी त्या दिवसांत रोह्याचं माणूस परदेशात सापडायचं नाही. लेक म्हणाली, आयफेल टॉवर. नवरा म्हणाला, रेल्वेने जाऊ, पाच जणांची तिकिटं बघतो. आकडा बघितल्यावर तोच म्हणाला, गाडीने जाऊ. नाना खूश झाले. विमानातून रस्ता दिसत नाही, ही त्यांची आल्या दिवसापासूनची तक्रार.

आइंडहोवेन ते पॅरिस सुमारे 430 किलोमीटर. माझं माहेर पेण, सासर रोहा. मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर. तरी नानांना विचारलं तर पेण-रोहा मोठं. कारण त्यात वडखळ येतं, नागोठणं येतं, भिसे खिंड येते. वडखळला अलिबागची वाट फुटते, तिथे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात, नागोठण्याला कुणीतरी डबा देतं, कुणीतरी रोह्याच्या बहिणीसाठी निरोप देतं. आमच्या वाटेवर तासाभरात एक देश संपला तरी कुणी हात केला नाही.

देश संपला हे त्यांना पटेना. मी म्हटलं, नाना, आपण बेल्जियममध्ये आलो. ते मागे वळून बघत राहिले. चौकी नाही, दांडा नाही, खाकी कपडे नाहीत. एक निळी पाटी, तिच्यावर तारे. लक्झेंबुर्गमधल्या शेंगेन गावाजवळ नदीतल्या बोटीवर 1985 साली पाच देशांनी सह्या केल्या आणि दहा वर्षांनी चौक्या उठल्या, हे मी सांगितलं. नाना म्हणाले, ‘‘बोटीवर का?’’ तीन देशांच्या हद्दी तिथे मिळतात म्हणून, असं मी सांगितल्यावर त्यांनी मान डोलवली. नाक्यावरच ठरलं म्हणजे, एवढा अर्थ त्यांनी त्यातून काढला.

अँटवर्प शहराभोवतीची रिंग म्हणजे आमचा जुना वडखळ नाका. चारी बाजूंनी ट्रक, बंदराचे कंटेनर, पुढे नदीखालचा केनेडी बोगदा आणि बोगद्याच्या तोंडाशी सगळे ठप्प. तिथे आम्ही पाऊण तास उभे होतो. दोन्हीकडे खणलेलं, पिवळी यंत्रं, अडथळ्यांच्या रांगा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात घातला आणि पुढची दहा-बारा वर्षं आमच्याकडे खड्डा हा प्रवासाचा भाग झाला. त्यामुळे परदेशातलं खोदकाम दिसलं की मला आतून बरं वाटतं, हे कबूल करते. अँटवर्पची रिंग पुरी जोडायची ही गोष्टही विसाव्या शतकातलीच. आधी नदीवर मोठा पूल बांधायचं ठरलं होतं. 2009 साली शहरात लोकांचं मत घेतलं, लोकांनी पूल नाकारला. मग बोगदे. त्यांचं काम अजून चालू आहे.

नानांना विलंबाचं नवल वाटलं नाही. ‘‘लोकांना विचारलं?’’ एवढंच ते दोनदा म्हणाले.

फ्रान्समध्ये शिरल्यावर वेग एकशे तीस. पाऊस आला की एकशे दहा, तसं पाटीवरच लिहिलेलं. टोलनाक्यावर माणूस नाही. चिठ्ठी घ्यायची आणि पॅरिस जवळ आलं की कार्ड दाखवून टोल मोजायचा. डाव्या हाताला बसलेली सून आणि उजवीकडून चाललेली वाहतूक यांचा हिशोब नाना अजून लावतच होते. मागून एका काळ्या गाडीने दिवे मारले तशी ते म्हणाले, ‘‘डिप्पर देतोय, साइड दे त्याला. घाई आहे बिचाऱ्याला, घरी कुणी आजारी असेल.’’ नवरा मागून म्हणाला, ‘‘नाना, तो मस्तीत चालवतोय.’’ नानांनी ऐकून घेतलं, पण मत बदललं नाही.

दुपारी थांबलो तो थांबा नानांच्या मते थांबाच नव्हता. पेट्रोल आहे, स्वच्छ संडास आहेत, प्लास्टिकात गुंडाळलेले थंड पाव आहेत, पण बाकड्यावर बसून कुणाला ‘कुठले तुम्ही?’ असं विचारायची सोय नाही. सासूबाईंनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि कडव्या वालांचं बिरडं. वाल रोह्याहून आणलेले, दोन दिवस आधी भिजत घालून मोड आणलेले, आदल्या रात्री टीव्हीसमोर बसून तिघींनी सोललेले. श्रावण होता म्हणून सुकटीची चटणी टळली, नाहीतर बंद गाडीत पॅरिसपर्यंत आमची वर्दी आधीच पोचली असती.

आता पॅरिसचं खरं सांगते. गाडीने जायला ते शहर उत्तम आहे, गाडीने शिरायला नाही. सेन नदीच्या काठाने पूर्वी गाड्या पळायच्या, तिथे आता लोक पाय सोडून बसतात. बहुतेक रस्त्यांवर वेग तीस. जुन्या मध्यवस्तीत नुसतं आरपार जायचं म्हणून गाडी घालायची नाही. बाहेरून आलेली जड, मोठी पेट्रोल-डिझेल गाडी मध्यभागी रस्त्यावर उभी केली तर तासाला अठरा युरो. ऑक्टोबर 2024 पासून हा दर आहे. पॅरिसच्या लोकांनी तोही मतदानातूनच ठरवला. आमची गाडी लहान, पण धसका मोठा. गाडी उत्तरेकडच्या सॅं-दनीला तळघरातल्या पार्किंगमध्ये ठेवायची असं आम्ही घरूनच ठरवलं होतं.

त्याआधी नवऱ्याने एक हट्ट केला. विजयकमानीभोवतीचा चौक एकदा गाडीने फिरायचा. बारा रस्ते तिथे येऊन मिळतात, मध्ये पट्टे आखलेले नाहीत, आणि नियम असा की बाहेरून शिरणाऱ्याला आधी वाट द्यायची, आत फिरणाऱ्याने थांबायचं. युरोपातल्या बाकी बहुतेक गोल चौकांत नेमकं उलटं असतं. मी काठाशीच गार झाले. सहा वर्षं इथे गाडी चालवून मला रेषांची सवय लागली आहे. रेषा नसली की हात थरथरतो.

नाना मात्र सीटवर ताठ झाले. चारशे किलोमीटर त्यांना ज्याची वाट होती ते समोर आलं होतं. ‘‘सूनबाई, त्याच्या तोंडाकडे बघू नको. तोंड खोटं बोलतं. पुढचा टायर बघ. टायर वळला तर तो येणार, नाही वळला तर तू जा.’’ मी टायर बघितला. ‘‘आता हळू. थांबू नको, थांबलीस तर मेलीस. ह्या टेम्पोच्या आडोशाने चल, मोठ्या गाडीला सगळे भितात.’’ मी टेम्पोच्या आडोशाने गेले. एक स्कूटर नाकासमोरून गेली, एक टॅक्सीवाला खिडकीतून हात हलवत काहीतरी म्हणाला, नानांनीही हात हलवून तितकंच मराठीत सुनावलं. आम्ही पूर्ण वेढा घातला आणि हव्या त्या रस्त्याने बाहेर पडलो. नानांनी कपाळ पुसलं. ‘‘एवढा वेळ आपण कुठे आलोय तेच कळत नव्हतं,’’ ते म्हणाले.

टॉवर पाहिला. तो आहे तसाच आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लेकीला आवडला.

रविवारी सकाळी गार द्यू नॉर स्टेशनाला उतरून ला शापेल भागात चालत गेलो. श्रीलंकेतल्या युद्धामुळे 1980च्या दशकात देश सोडून आलेल्या तमिळ लोकांची ही वस्ती. त्यांनी 1985 साली इथे गणपतीचं देऊळ उभारलं, माणिक्क विनायकर. ऑगस्टअखेरच्या एका रविवारी त्याचा रथ निघतो. रस्ता वाहनांना बंद. रथाला दोराने ओढणारी माणसं, डोक्यावर पेटत्या कापराची मडकी घेतलेल्या बायका, मोरपिसांच्या कावडी. आणि रथाच्या वाटेवर ठिकठिकाणी हळद लावलेल्या नारळांचे ढीग.

मी पेणची. काकांचा कारखाना आहे, आमच्याकडे गणपतीच्या मूर्तीच्या जागेला कारखानाच म्हणतात. हमरापूर-जोहे भागात घरटी तेच काम. परदेशी जाणारे गणपती उन्हाळ्यातच खोक्यात बसून बंदराला लागतात. लहानपणी आम्हा पोरांचं काम त्यांच्या कानाजवळ पेंढा ठासायचं. त्यामुळे मूर्ती दिसली की माझी नजर आधी डोळ्यांकडे जाते, आखणी कुणाची ते बघायला. रथातल्या मूर्तीला आखणी नव्हती. धातूची मूर्ती, फुलांत बुडालेली, डोळे ओतलेलेच. देव ओळखीचा, पण हात अनोळखी. शेजारच्या दुकानात चिनी मातीसारख्या गुळगुळीत मूर्ती मांडल्या होत्या, त्यांची सोंड बघून मी तोंड फिरवलं. आमचा शाडूचा गणपती सासूबाईंनी केबिन बॅगेत मांडीवर आणला होता, तो घरी कपाटात निजला होता.

रथ जवळ आला आणि नारळ फुटायला लागले. एक-दोन नव्हे, शेकडो. डांबरावर पाण्याचे ओहोळ, पांढऱ्या कवडांचा खच. सासूबाईंनी हात जोडले होते ते तसेच राहिले. ‘‘अगो, हे उचलणार कोण? एवढ्या खोबऱ्याच्या करंज्या...’’ त्यांनी हिशोब सुरू केला आणि अर्धवट सोडला. तेवढ्यात शेजारची तमिळ बाई वाकली, चांगली कवडं वेचून पिशवीत भरू लागली. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पदर खोचला.

नाना पोलिसांकडे बघत होते. रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुकांची सलामी देतात. ‘‘हे सलामी कधी देतात?’’ त्यांनी विचारलं. देत नाहीत म्हटल्यावर म्हणाले, ‘‘वस्ती नवीन आहे. देतील.’’

परतीला रस्ता मोकळा. ट्रकच नाहीत. फ्रान्समध्ये साडेसात टनांवरची गाडी शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर आणायची नाही, नाशवंत माल सोडून. नानांना हे इतकं आवडलं की त्यांनी दोनदा समजावून घेतलं. ‘‘आपल्याकडे गणपतीत हायवेला अवजड गाड्या बंद करतात, तसंच. यांच्याकडे दर रविवारी गणपती.’’

बंद ट्रक सगळे एका थांब्यावर रांगेने उभे होते. आम्ही चहासाठी उतरलो. पोलंडच्या नंबराचा एक ट्रक, त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला पन्नाशीचा माणूस, पायाशी छोटी शेगडी. नाना सरळ त्याच्याकडे गेले. मी लांबून बघत होते. नानांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग दोन्ही हातांनी मोठं स्टेअरिंग फिरवलं, खाली वाकून लांब दांड्याचा गियर टाकला. तो माणूस उठला. त्याने केबिनचं दार उघडून नानांना आतली बटणं दाखवली, वेळ मोजणारं यंत्र दाखवलं, दहा बोटं वर केली. मग शेगडीवरचं सॉसेज पुढे केलं. श्रावण कसा सांगणार? नानांनी कानाला हात लावला. त्याने थोडा विचार करून बरणीतली खारवलेली काकडी काढून दिली. नानांनी पिशवीतून नारळाची दोन कवडं दिली.

वीस मिनिटांनी ते परत आले.

‘‘त्याला दोन मुलगे,’’ नाना पट्टा लावत म्हणाले. ‘‘थोरला ऐकत नाही. धाकट्याला ट्रकवर यायचंय, हा नको म्हणतोय.’’

‘‘हे तुम्हाला कुठल्या भाषेत सांगितलं त्याने?’’ नवऱ्याने विचारलं.

‘‘अरे, ड्रायव्हर आहे तो,’’ नाना म्हणाले.