दाराच्या आतली परीक्षा

ठाण्याच्या बाळकुमात टॉवर वाढले तशी मंडळंही वाढली. सोसायटीची कमिटी, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनकट्टा. तक्रार सगळीकडे एकच: वहीत सभासद ढीगभर, कामाला कुणी नाही. वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही. सभा तहकूब करायची, अर्ध्या तासाने तीच पुन्हा भरवायची आणि उरलेल्या सात-आठ जणांनी ठराव मंजूर करायचे. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "प्रवेशच कडक करा, वर्गणी वाढवा."

कडक प्रवेश बघायचा तर फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाचा. त्यांच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, नव्या नावावर पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान होतं. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना दार उघडलं नाही, तेव्हा त्यांनी फ्रान्समध्ये जाऊन दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांना घेणारं 'रायझिंग स्टार' लॉज मुंबईत काढलं.

दाराशी परीक्षा आपल्याकडेही होती. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आदी सुधारकांनी काढलेल्या परमहंस सभेत शिरताना पाव खावा लागे. जात मोडल्याची ती खूण. त्या काळात हे धाडसच. पण बंद दाराआडचं. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटणार म्हटल्यावर सभाच मोडली. उंबरठा उंच होता, पण चारचौघांत उभं राहायची सवय आत कुणी लावली नव्हती.

लॉजचं मला पटतं ते दाराच्या आतलं. तिथे तीन पायऱ्या असतात, विधी पाठ करावे लागतात आणि पदं क्रमाने पुढे सरकतात. प्रमुखाची खुर्चीही सहसा वर्षभराचीच.

गावातल्या भजनात हेच होतं. नवा पोरगा आला की त्याच्या हाती टाळ. त्याचा ठेका चुकला की पखवाजवाला मान न वळवता थाप जरा ठसठशीत देतो, पोरगा सावरतो. काही महिन्यांनी तो आला नाही, तर ते कानाला कळतं.

अमुक सभासद आज आला नाही तर काय अडेल, हे प्रत्येक नावापुढे विचारून पाहावं. काहीच अडणार नसेल, तर त्याच्या निष्ठेला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण त्याला पावती दिली, काम दिलं नाही. आणि काम द्यायचं तर ते वर्षानुवर्षं चिटणीस असलेल्या कुणाच्या तरी हातून काढून घ्यावं लागतं. वर्गणी वाढवणं त्या मानाने फारच सोपं.