ताण

शनिवारी सकाळी गच्चीवर गेले, की झारीला आधी हात लावायचा नाही, हा माझा नेम आहे. आधी बोट. तर्जनी कुंडीतल्या मातीत दोन पेरं खोल घालायची आणि ओल लागली तर पुढच्या कुंडीकडे सरकायचं. कोकोपीट घातलेली माती फसवी असते. चैत्रातल्या उन्हात वरचा थर दोन-तीन तासांत सुकून फिकट दिसायला लागतो आणि खाली मात्र चिंब असतो. डोळ्यांवर विसंबून पाणी घालत गेलं, की मुळांपाशी हवा उरत नाही आणि झाड तहानेने नव्हे, गुदमरून मरतं. शेवटी पानं सुकतात ती दोन्ही वेळा सारखीच. म्हणून बोट.

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर सव्वीस कुंड्या आहेत, त्यांतल्या अकरा मोगऱ्याच्या. बटमोगरा आहे, हजारी आहे, मदनबाण आहे. एक साधा एकेरी मोगरा सासूबाईंच्या माहेरच्या परड्यातून दाब कलम करून आणलेला. वीस वर्षं मी ही झाडं सांभाळते आहे. या वीस वर्षांत मला जे काही कळलं, ते एका शब्दात मावतं. तो शब्द मला बागेत नाही, टीव्हीसमोर मिळाला.

माझं माहेर सांगोल्याकडचं, डाळिंबाचं. दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’ लागलं, की वडील हातातलं काम टाकून समोर बसायचे. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हे शब्द मी तिथेच ऐकले आणि ‘ताण’ही तिथेच. बहार धरायचा तर बागेचं पाणी आधी तोडायचं. झाड पानं गाळतं, वाढ थांबवतं, फांदीत अन्न साठवतं. मग हलकी छाटणी, खत आणि पाणी, की नव्या फुटीबरोबर फूल येतं. वडील रोज बागेत जायचे, फांद्यांवरून हात फिरवायचे आणि पाणी न सोडता परत यायचे. ते परत येणं हे काम होतं, हे मला फार उशिरा समजलं.

पुण्यात आल्यावर पहिला हजारी मोगरा लावला आणि थंडीभर त्याला रोज पाणी घातलं. झाड काळंभोर, टवटवीत झालं. एप्रिल संपला तरी कळी नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी वडील राहायला आले होते. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “याला ताण दिला होता का गं?”

तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याचं पाणी मी कमी करत नेते. कुंडीतली माती थोडी, त्यामुळे शेतासारखा लांब ताण तिला सोसत नाही. आठ-दहा दिवस, पानं किंचित मलूल होईपर्यंत. मग निम्म्यापर्यंत छाटणी, उरलेली पानं खुडून टाकायची, वरची माती मोकळी करून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि त्यानंतर भरपूर पाणी. मोगरा नव्या फुटीच्या शेंड्यावरच फुलतो. जुनी काडी कितीही जपली तरी ती फूल देत नाही. महिन्या-दीड महिन्यात कळ्या दिसतात, बहुधा तीन-तीनच्या झुपक्यात. मधली आधी फुलते, बाजूच्या दोन मागून.

या शनिवारी पहिला बहर ओसरलेल्या फांद्या हाताशी घेतल्या. सुकलेल्या झुपक्याखाली पानांच्या दोन जोड्या मोजायच्या आणि दुसऱ्या जोडीच्या नेमकं वर, तिरका काप. पानाच्या बेचक्यात मोहरीएवढा हिरवा ठिपका असतो, तो पुढची फांदी. कात्री त्याला लागता कामा नये. मदनबाणावर तीन कळ्या जांभळट पडलेल्या दिसल्या. एक उकलली, तर आत बारीक हिरवी अळी. तिन्ही तोडून चिरडल्या आणि बाकीच्या कळ्या एकेक करून पाहिल्या. फवारणी करावी लागली नाही. रोज नजर असली, की बहुतेक वेळा लागत नाही.

रविवारी दुपारी मात्र एकेरी मोगऱ्याने माझी परीक्षा घेतली. त्याची कुंडी नुकतीच बदलली होती. एक वाजता पाहिलं, तर सगळे शेंडे मान टाकून उभे. हात झारीकडे गेलाच. बोट घातलं, माती गार आणि ओली. म्हणजे पाणी आहे, पण उन्हात पानं ज्या वेगाने ते उडवतायत, त्या वेगाने दुखावलेली मुळं ते वर चढवू शकत नाहीत. आणखी पाणी घातलं असतं तर नुकसानच झालं असतं. कुंडी ओढून सावलीत घेतली, मातीवर वाळलेल्या पानांचा थर पसरला आणि खाली आले. आता करण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकं तेच जड जात होतं.

अशा वेळी मी पुस्तक घेते. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचं. पुस्तक चैत्रापासून सुरू होतं आणि महिन्यामागून महिना पुढे जातं. दर वर्षी या दिवसांत मी त्यातला चैत्र वाचते, फक्त चैत्र. वैशाख वैशाखात. या लेखनामागे वर्षानुवर्षांचं बघणं आहे, आणि ते वाचताना माझंही बघणं सावकाश होतं. खिडकीबाहेरच्या पिंपळाची पालवी गेल्या आठवड्यात तांबूस होती, आता पोपटी झाली आहे, हे पुस्तकातून मान वर केल्यावर लक्षात आलं.

चार वाजता सासूबाई आणि मी कळ्या खुडल्या. टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र, पण मिटलेल्या. गजऱ्याला उमललेलं फूल चालत नाही. संध्याकाळी मुलाने डेव्हिड ॲटनबरो यांची ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स’ ही बीबीसीची १९९५ची मालिका लावून दिली. कॅमेरा एका जागी रोवून, ठरावीक अंतराने चित्रं घेऊन ती वेगाने फिरवलेली. ब्लॅकबेरीच्या कुळातली एक काटेरी फांदी जमिनीवरून शेंडा इकडेतिकडे फिरवत, चाचपत पुढे सरकते. सासूबाईंचा दोऱ्यातला हात थांबला. “अगं, ही तर वाट शोधतेय,” त्या म्हणाल्या.

ती तशीच शोधत असते, आपल्या डोळ्यांना तेवढा धीर नसतो म्हणून दिसत नाही. टीव्हीने ते दिवस काही क्षणांत मिटवून दाखवले. पुस्तक ते महिन्याच्या चालीने दाखवतं. कुंडीत मात्र झाडाचाच वेग चालतो, तिथे आपल्याला दोन्हीही करता येत नाही, फक्त सोबत राहता येतं. वडिलांच्या त्या रिकाम्या हाताने केलेल्या फेऱ्या म्हणजे हीच सोबत होती. हात आवरणं आणि दुर्लक्ष करणं यांतला फरक एवढाच, की हात आवरणारा माणूस रोज बागेत जातो.

नऊ वाजता गच्चीवर गेले. बॅटरीच्या उजेडात एकेरी मोगरा पाहिला. शेंडे सरळ झाले होते. पाण्याचा एक थेंबही दिला नव्हता. तरी सवयीने बोट घातलं. माती अजून गार होती. खाली आले तेव्हा सासूबाईंच्या मांडीवरच्या गजऱ्यातल्या कळ्या एकेक करून उघडत होत्या आणि खोली वासाने भरून गेली होती.