दरेकशाचा धबधबा आणि नवाटोल्याचे राखणदार

मंडळी, गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसण्याचा योग आला, तर खिडकीजवळची जागा धरा. आमगाव मागे पडेपर्यंत दोन्ही अंगांना धानाच्या बांध्याच बांध्या दिसतात. सालेकसा सोडले की रूळ जंगलात शिरतात, गाडी चढाला लागते आणि डोंगर अगदी खिडकीशी येतात. पुढचे स्टेशन दरेकसा. या मार्गावरचे महाराष्ट्रातले हे शेवटचे स्टेशन. त्यापुढचे बोरतलाव छत्तीसगडात. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडात जाणारा मीटरगेज मार्ग या डोंगरातून काढला गेला आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद केला. डोंगर फोडून काढलेला बोगदाही इथेच आहे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत दरेकशाचे नाव पेपरात यायचे ते नक्षलवाद्यांच्या दलमामुळे. माझी नेमणूक या भागात असताना संध्याकाळी पाचनंतर मोटारसायकल घेऊन या रस्त्याला जायचे नाही, असे घरून बजावलेले असायचे. आता याच रस्त्याला पावसाळ्यात रविवारी गाड्यांची रांग लागते. कारण हाजरा फॉल. स्टेशनापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर डोंगरावरून पाणी कोसळते. श्रावण-भाद्रपदात त्याचे रूप बघावे. उन्हाळ्यात जाल तर नुसता काळा खडक दिसेल.

मी यंदा पोळा झाल्यावर गेलो. रोवणी आटोपलेली, धान फुटव्यावर, आणि शेतकऱ्याला थोडी उसंत. तुम्ही आमच्या झाडीपट्टीतले असाल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय असते ते ठाऊकच आहे. नारबोद. पहाटे पोरे आरडाओरडा करीत रोगराई, माशा-ढेकूण सगळे गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. माझी आजी त्या दिवशी अंगण, गोठा, उकिरड्याची वाट सगळे लख्ख करून घ्यायची. त्या काळी शिवेबाहेर टाकलेला केर पुढच्या पावसात माती व्हायचा, म्हणून ही रीत शोभायची. आता शिवेबाहेर टाकलेली पाण्याची बाटली पुढच्या नारबोदीला तिथेच सापडते.

हाजरा फॉलचेही तेच झाले होते. धबधब्याचा गवगवा झाला, माणसे आली आणि आपल्याबरोबर थर्माकोलच्या पत्रावळी, कुरकुरीतच्या पुड्या, दारूच्या बाटल्या घेऊन आली. जाताना ते सारे तिथेच राहिले. काचा पाण्यात, प्लॅस्टिक झुडपात. ओढा काही तिथे थांबत नाही, तो खाली शेताकडे येतो. गाळ काढताना पायाला काच लागणे म्हणजे काय, ते उघड्या पायाने रोवणी करणाऱ्या बाईला विचारा.

धबधब्याला लागून नवाटोला नावाचे छोटेसे गाव आहे. तिथल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने ही जागा सांभाळायला घेतली. समिती हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे सतरंजी आणि चहाचे कप येतात, म्हणून थोडे सांगतो. जंगल नुसते शिपायाच्या काठीने राखता येत नाही, त्यात गावाला भागीदार करा, असे केंद्र सरकारने १९९० साली राज्यांना कळवले. महाराष्ट्राने १९९२ साली तसा निर्णय घेतला. गावकऱ्यांनी जंगल राखायचे, वणवा विझवायचा, चोरटी तोड थांबवायची, आणि त्या बदल्यात उत्पन्नात वाटा घ्यायचा, अशी ही व्यवस्था. चांगले काम करणाऱ्या समित्यांना २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेत बक्षिसेही मिळू लागली. पुष्कळ गावांत समिती कागदावरच राहिली, हे तुम्हांला मी सांगायला नको. नवाटोल्याची कागदावर राहिली नाही. पर्यटकांकडून प्रवेशाचे पैसे ती घेते, आणि गावातल्या मुलामुलींना तिथेच काम मिळते. वाट दाखवणे, गाड्या लावून घेणे, पोहायला उतरणाऱ्याला आवरणे आणि कचरा उचलणे.

मी पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. दोन मुली आणि एक तरुण पोते घेऊन ओढ्याच्या कडेने वर येत होते. तरुणाची विजार गुडघ्यापर्यंत ओली.

"कुठून आले जी?" त्याने विचारले.

मी गाव सांगितले, नोकरी सांगितली. खाते ऐकताच तो हसला. "मग तुमच्याच कामाची वस्तू दाखवतो जी," म्हणाला आणि पोत्यातून औषधाची रिकामी बाटली काढली. कीटकनाशकाची. ती काही पर्यटकाची नव्हती. कुणा शेतकऱ्याने फवारणी उरकून, पंप ओढ्यात धुऊन, बाटली तिथेच टाकली असणार.

वाचकहो, माझी मान खाली गेली. तीस वर्षे मी शेतकऱ्याला किती मिलिलिटर औषध किती लिटर पाण्यात, ते तोंडपाठ सांगत आलो. बाटलीचे पुढे काय करायचे, ते सभेच्या शेवटी, माणसे उठायला लागल्यावर घाईत सांगायचो. आता इथे सावकाश सांगतो. बाटली रिकामी झाली की तीन वेळा पाण्याने खळबळा, ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा म्हणजे ती कुणी तेलाला वा पाण्याला वापरणार नाही. पंप ओढ्यात, तलावात, बोडीत धुऊ नका. मासोळी आधी मरते, मग बेडूक, आणि धानातले किडे खाणारे तेच तर आपले बिनपगारी गडी.

पोते वर नेल्यावर कचऱ्याची वाटणी झाली. काच वेगळी, प्लॅस्टिक वेगळे, पळसाच्या पत्रावळी वेगळ्या. पत्रावळी खड्ड्यात गेल्या. महाराष्ट्रात थर्माकोलची ताटे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आली, पण बंदी कागदावर येते आणि ताटे दुकानात असतातच. पळस तर आपल्याकडे बांधाबांधावर. एके काळी लग्नाच्या आधी आठ दिवस बायका पडवीत बसून पत्रावळी लावायच्या. आता त्याच घरातले लग्न थर्माकोलवर उठते, आणि दुसऱ्या दिवशी गाय उकिरड्यावर खरकट्यासकट पिशव्या गिळते. मी एका गायीचे पोट फाडताना पाहिले आहे. डॉक्टरांनी आतून टोपलीभर पिशव्या काढल्या, दोऱ्यासारख्या पिळलेल्या. गाय गाभण होती. घरधनीण गोठ्याच्या दाराशी नुसती उभी होती, रडतही नव्हती. गाय वाचली नाही.

तेवढ्यात एक मोठी गाडी आली. पाहुण्यांनी डिकीतून स्टोव्ह, भांडी, खोकी काढायला सुरुवात केली. दोन मुलींतली एक, विशीचीही नसेल, पुढे झाली. "काका, जेवण करा, पण इथं चूल नाही पेटवायची. आन् जे आणलं ते परत न्यायचं." काका चिडले. आम्ही पैसे भरले आहेत, वगैरे. मुलगी आवाज न चढवता म्हणाली, "पैसे बघायचे घेतले जी, टाकायचे नाही." काकांनी खोकी परत डिकीत ठेवली. सगळेच ठेवतात असे नाही, हे तिनेच मला नंतर सांगितले.

तुम्ही म्हणाल, यांना पैसे मिळतात, मग यात सेवा कसली? माझेही आधी तसेच मत होते. पण फक्त मजुरीसाठी काम करणारा माणूस वाटेवरचा कचरा उचलतो, तो गुडघाभर पाण्यात उतरून खडकाच्या कपारीतली काच काढत नाही. शिवाय पैसा येतो तो पावसाळ्यापुरता. दिवाळीनंतर धबधबा रोडावतो, धान चुरून झालेले असते, आणि पोरे कामासाठी नागपूर-हैदराबादची वाट धरतात. उन्हाळ्यात जंगलाला आग लागते तेव्हा तिकीट काढणारे कुणी नसते. त्या वेळी हिरव्या फांद्या घेऊन धावतात ती गावात उरलेली माणसे, पुष्कळदा बायकाच.

आगीचा विषय निघाला म्हणून मोहाचे सांगतो. मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची आपल्याकडे सवय आहे. पाला जळतो, आग सरकत डोंगरावर चढते. सागाची, धावड्याची लहान रोपे जातात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची अंडी भाजून निघतात. गावातली एक आजी मला म्हणाली, "पाला झाडून बाजूला सारला त का हात झिजते?" ती जुन्या लुगड्याचे पट्टे जोडून झाडाखाली अंथरते. फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहते, आणि स्वच्छ फुलाला व्यापारी नावे ठेवत नाही. गोळा केलेला पाला ती खाताच्या खड्ड्यात टाकते. मोहाच्या दिवसांत पहाटे अंधारात एकटे जाऊ नये, हेही तिने बजावले. अस्वलालाही मोह आवडतो आणि ते आपल्या आधी उठते.

या आजीपुढे मी माझी आणखी एक चूक कबूल केली, ती तुमच्यापुढेही करतो. नोकरीच्या सुरुवातीला मी गावोगाव सांगत फिरलो की धुरे चकचकीत ठेवा, झुडूप ठेवू नका, पेटवून द्या. गादमाशीला आसरा देणारे देवधान आणि गवत काढावे, हे आजही खरे. पण मी सगळेच काढायला लावले. बोर, करंज, भराटीची जाळी, सगळे. एका शेतकऱ्याने माझ्या शब्दावर चारही धुरे सपाट केले, वर सांगितल्याहून जास्त फवारण्या केल्या. आश्विनात त्याच्या बांधीत तुडतुडा असा पडला की आठ दिवसांत धान भाजल्यासारखे झाले. कोळी, चतुर, तुडतुड्याची अंडी शोषणारे ढेकूण हे सगळे औषधाने आधी मेले होते, आणि परत यायला त्यांना धुऱ्यावर जागाच उरली नव्हती. त्या शेतकऱ्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

आता आग्नेय आशियातले भातसंशोधकही सांगतात की धुऱ्यावर फुलांची झाडे असू द्या, तीळ लावा, मित्रकिडे तिथे राहतात. आपले लोक धुऱ्यावर तूर लावीतच होते. तुरीला फूल येते, मधमाशी येते, घरची डाळही होते.

पाखरांच्या बाबतीत आपला गोंदिया जिल्हा तर भाग्यवान. महाराष्ट्रात सारस क्रौंच टिकून आहे तो मुख्यतः इथे, वैनगंगा आणि बाघ नदीच्या खोऱ्यात. माणसाच्या उंचीचे हे पाखरू उभ्या धानातच पेंढ्यांचा ढीग करून बहुधा दोन अंडी घालते, आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. गोंदियाच्या 'सेवा' संस्थेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना समजावतात, दरवर्षी पाखरे मोजतात. घरट्याभोवतीचे थोडे धान वाया जाते, तरी ते सोडून देणारे शेतकरी आहेत. त्यांची शेती काही मोठी नाही.

दूर युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे, गाई आणि बटाटे पिकवणाऱ्यांचा. तिथे १९५८ साली नीटनेटक्या गावांची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी ५२ गावे उतरली आणि डोनेगल परगण्यातले ग्लेंटीज हे गाव पहिले आले. स्पर्धा आजही चालू आहे. आधी गुण मिळायचे रंगवलेल्या भिंतींना आणि कापलेल्या गवताला. आता पाखरे, मधमाश्या, जंगली फुले यांची जपणूक केली त्यालाही गुण आहेत, म्हणून पुष्कळ ठिकाणी रस्त्याकडेचे गवत मुद्दाम उशिरा कापतात. आपल्याकडे २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले, तेव्हा आपण किती हिरिरीने झाडलो ते आठवा. माझ्या मते आपले एकच चुकले. तपासणीची तारीख गेली की खराटा माळ्यावर गेला.

परतीच्या वाटेवर धनेगावही बघायचे होते. तिथून कचारगडच्या गुहेकडे वाट जाते. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही माणसे येतात. हजारो माणसे जेवतात, आणि यात्रा उठल्यावर रान साफ करायचे काम मागे उरतेच. पण पाऊस सुरू झाला, डोंगर ढगात गेला, आणि गाडीची वेळ होत आली. कचारगड पुढच्या माघात बघेन.

स्टेशनावर चहा घेतला. चहावाल्याने कागदाच्या कपात दिला. मी कप हातात धरून टोपली शोधू लागलो, तर बाकावर बसलेला सकाळचा तो तरुण म्हणाला, "द्या जी इकडे." त्याच्याजवळ रिकामे पोते होतेच. सालेकशाला आठवडी बाजार करायला निघाला होता. गाडी आली, आम्ही दोघे एकाच डब्यात चढलो. त्याने पोत्याची घडी करून मांडीखाली घेतली आणि मला विचारले, यंदा कडा करप्याचे काय लक्षण दिसते, आणि काकांच्या दोन बांध्यांना पोटॅश द्यावे की नाही.